शाळेच्या ग्रुपवर शिस्त कोणासाठी?

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत ‘डिजिटल’चे नारळ बरेच फुटले. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा दशकभरापूर्वी डिजिटल शाळा म्हणून राज्यभर गाजली. पडद्याला बोट लावून शिकणारी पाड्यावरची पोरे बघायला लांबून शिक्षक येत. मुरबाड तालुक्यातले धसई १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातले पहिले ‘कॅशलेस’ गाव म्हणून जाहीर झाले. दुकानांत कार्ड फिरवायची यंत्रे आली, कॅमेरे आले. पुढे नोटाबंदीची चणचण सरली, नोटा हातात खेळू लागल्या तसा बाजार बऱ्याच अंशी पुन्हा रोखीवर गेला. या दोन्ही प्रयोगांना पाहुणे होते, फीत होती, बातमी होती. जो बदल खरोखर घराघरांत शिरला त्याच्या नशिबी यातले काहीच आले नाही. तो म्हणजे शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप.

मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपे लागली. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ असे म्हणत पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने रोजची अभ्यासमाला काढली. तिच्या लिंक वरून खाली घरंगळत पालकांच्या मोबाइलवर येऊ लागल्या. त्यासाठी प्रत्येक वर्गशिक्षकाने ग्रुप केला, ज्याचा नंबर मिळाला त्याला ॲड केले. कोणी विचारले नाही, कोणी सांगितले नाही. वेळच तशी होती. पुढे शाळा उघडल्या, ग्रुप मात्र राहिले. आज गृहपाठ तिथे, सुट्टीची सूचना तिथे, शिष्यवृत्तीच्या कागदांची यादी तिथे, शाळेतल्या कार्यक्रमाचे फोटोही तिथेच. शिवाय ज्याचा शाळेशी संबंध नाही तेही सारे तिथेच: वाढदिवसाचे बॅनर, झटपट कर्जाच्या जाहिराती, निवडणुकीतल्या उमेदवाराचे व्हिडिओ, आणि पहाटे पाचपासून सुविचार.

शाळेला हजेरीपट आहे, साठा नोंदवही आहे, भेट देणाऱ्यांच्या शेऱ्यांची वही आहे. ज्या जागी पालक आणि शिक्षक रोज भेटतात त्या जागेला मात्र धड लिहिलेले नियम नाहीत. तिथे काय बोलायचे, काय बोलायचे नाही, कोणाचा मजकूर कोण काढणार आणि काढला तर दाद कोणाकडे मागायची, हे सगळे ॲडमिनच्या स्वभावावर सोडलेले आहे. दोन्ही तालुक्यांतल्या शाळांनी हे नियम आता लिहून काढायला हवेत आणि ते लिहिताना पहिला विचार शाळेच्या अब्रूचा न करता मुलांचा करायला हवा.

नियम अगदीच नाहीत असे नाही. २८ जुलै २०२५ रोजी राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने सरकारी कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यमांच्या वापरावर परिपत्रक काढले. स्थानिक स्वराज्य संस्थांचे कर्मचारीही त्यात आले, म्हणजे जिल्हा परिषदेचे गुरुजी आणि बाईही आल्या. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करू नका, गोपनीय कागद फिरवू नका, पद आणि बोधचिन्ह वापरून रील करू नका, असा त्याचा रोख. द्वेषाचा आणि मानहानीचा मजकूर नको असेही त्यात आहे, ते चांगलेच. पण भर कशावर आहे ते लपत नाही. सरकारची प्रतिमा राखायला पाने खर्ची पडतात. चौथीतल्या मुलीचा फोटो कोणाच्या मोबाइलमध्ये जाऊन पडतो, याची तितकी चिंता कोणी केलेली दिसत नाही.

सरकारी व्यवस्थेने तर एकदा उलटाच हुकूम काढला होता. नोव्हेंबर २०१६ मध्ये शिक्षण विभागाने शिक्षकांना विद्यार्थ्यांसोबत सेल्फी काढून ‘सरल’ या शाळांच्या ऑनलाइन नोंदप्रणालीवर चढवायला सांगितले. गळती शोधायची आणि हजेरी तपासायची, हा हेतू. ज्या शाळांत रेंज मिळवायला टेकाडावर चढावे लागते तिथल्या शिक्षकांनी कपाळावर हात मारला, संघटनांनी विरोध केला आणि काही आठवड्यांत तो आदेश गुंडाळला गेला. त्या वेळच्या वादात अडचणी मोजल्या गेल्या त्या नेटवर्कच्या आणि वेळेच्या. मुलाचा चेहरा ही त्याची स्वतःची गोष्ट आहे आणि ती वापरायला कोणाची तरी परवानगी लागते, हा मुद्दा फारसा पुढे आला नाही. आता केंद्राचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो आणि त्याची माहिती हाताळायला पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. शाळांना शिक्षण आणि सुरक्षिततेपुरती त्यात काही सूट आहे. पण स्नेहसंमेलनात नाचणाऱ्या मुलींचे व्हिडिओ गावभर फिरवणे हे शिक्षणही नव्हे आणि सुरक्षितताही नव्हे.

ग्रुपवर कोणी वेडेवाकडे टाकले तर ॲडमिन तुरुंगात जाणार, अशी भीती अनेक शिक्षकांच्या मनात बसली आहे. ती खरी किती, याचे उत्तर गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सापडते. २०१६ मध्ये तिथल्या एका ग्रुपवर एका सदस्याने एका महिलेबद्दल गलिच्छ भाषा वापरली. ॲडमिनने त्याला काढले नाही की माफी मागायला लावले नाही, म्हणून महिलेने ॲडमिनविरुद्धही तक्रार केली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी ॲडमिनविरुद्धचा गुन्हा रद्द केला. समान हेतू किंवा आधी ठरलेला कट दाखवता येत नसेल, तर दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिनला फौजदारीत जबाबदार धरता येत नाही, असे न्यायालय म्हणाले. सदस्य घेणे आणि काढणे यापलीकडे ॲडमिनच्या हातात फारसे काही नसते, मजकूर पडण्याआधी तो अडवू शकत नाही, हा त्यामागचा विचार.

निकाल योग्यच आहे. पण त्यानंतरच्याच वर्षी, २०२२ मध्ये, व्हॉट्सॲपने ॲडमिनला कोणाचाही संदेश सगळ्यांसाठी पुसून टाकण्याची सोय दिली. कायद्याच्या नजरेत ॲडमिन आजही गुन्हेगार ठरत नाही. पण ‘माझ्या हातात काय आहे?’ हे उत्तर आता चालणार नाही. त्यातही शाळेचा ॲडमिन आणि वर्गमित्रांच्या ग्रुपचा ॲडमिन यांत फरक आहे. मित्रांच्या ग्रुपमधून माणूस ‘लेफ्ट’ होऊ शकतो. शाळेच्या ग्रुपमधून आई बाहेर पडली, तर परीक्षेची तारीख तिला कळत नाही. जिथून बाहेर पडायची मुभा नसते तिथे यजमानाची जबाबदारी वाढते. गोंदियाच्या त्या महिलेला न्यायालयात हार पत्करावी लागली, म्हणून तिची तक्रार खोटी ठरत नाही. तिला कोणी तरी त्याच वेळी सांगायला हवे होते की हे इथे चालणार नाही.

यावर बहुतेक शाळांनी काढलेला तोडगा म्हणजे ग्रुपला कुलूप. ‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात’ ही सोय व्हॉट्सॲपवर २०१८ च्या मध्यावर आली. त्याच सुमारास, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भटक्या समाजातल्या पाच जणांना ठेचून मारले. त्या महिन्यातच कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. अफवेचा धोका खोटा नाही, ती माणसे मारते. पण शाळेच्या ग्रुपवर कुलूप घातले जाते ते बहुधा अफवेच्या भीतीने नाही. पोषण आहारात डाळ पातळ का, बदलून गेलेल्या शिक्षकाच्या जागी दुसरा कधी येणार, शाळेच्या टाकीत पाणी का नाही, असे प्रश्न विचारणाऱ्या दोनतीन पालकांमुळे ते पडते. मुंबईला पाणी पुरवणारी भातसा, तानसा ही धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत, त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. तिथल्या बाईने शाळेच्या पाण्याबद्दल विचारले तर तो गैरवर्तनाचा मामला होत नाही. कुलूपबंद ग्रुप हा नुसता सूचनाफलक. त्याला शिस्त म्हणणे ही आळसाची शिस्त झाली.

जास्तीच्या धाकाचे काय होते, हेही या जिल्ह्याने पाहिले आहे. १ ऑगस्ट २०१४ पर्यंत पालघर ठाणे जिल्ह्यातच होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या पसंत केल्या आणि दोघींना अटक झाली. तिथून सुरू झालेल्या लढाईत सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ घटनाबाह्य ठरवले. ‘त्रासदायक’, ‘आक्षेपार्ह’ असे शब्द इतके ढगळ आहेत की त्यांत कोणालाही बसवता येते, हे त्या निकालाचे एक मुख्य कारण होते. ग्रुपसाठी नियम करताना मुख्याध्यापकांनी हा निकाल ध्यानात ठेवावा. ‘आक्षेपार्ह मजकूर टाकू नये’ असा नियम लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे. कोणाच्या जातीवरून, बोलीवरून, पोशाखावरून, गरिबीवरून बोलायचे नाही; कोणत्याही मुलाचे गुण, गैरहजेरी, आजार किंवा फीची बाकी सगळ्यांसमोर टाकायची नाही; असे नाव घेऊन लिहिले तर ते वाडीतल्या शेवटच्या माणसाला समजते आणि ॲडमिनलाही त्यात पळवाट मिळत नाही.

गुण आणि गैरहजेरीचा मुद्दा वाटतो तितका किरकोळ नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलांना मारण्याबरोबरच त्यांचा मानसिक छळ करण्यालाही बंदी घातली आहे. वर्गात उभे करून अपमान करायला जे शिक्षक आता कचरतात, ते ‘आज गृहपाठ न केलेले’ म्हणून सात मुलांची नावे ग्रुपवर सहज टाकतात. वर्गात तो अपमान चाळीस जणांपुढे व्हायचा. ग्रुपवर तो काका, मामा, शेजारी आणि दुकानदार यांच्यापुढे होतो आणि पुसला नाही तर वर्षानुवर्षे तिथेच राहतो. या यादीत नाव कोणाचे येते? दिवाळीनंतर आईबाप भिवंडी-कल्याणकडे वीटभट्टीवर गेले की ज्या कातकरी मुलांची शाळा तुटते, त्यांचे. घरात एकच मोबाइल आणि तो बापाबरोबर कामावर गेलेला, त्या मुलांचे. कातकरी किंवा ठाकरी बोलीत पाठवलेल्या आवाजी निरोपावर कोणी हसरी चित्रे टाकली, की ती आई पुन्हा ग्रुपवर बोलत नाही. तिचे गप्प होणे कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण ती तशीही फारशी बोलत नव्हती.

बदलापूर मुरबाडला लागूनच. तिथे ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या चिमुरड्यांवरच्या अत्याचाराची घटना उघड झाली, २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले आणि दुसऱ्याच दिवशी राज्य सरकारने शाळांसाठी सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती यांची यादी काढली. त्याच दिवसांत पीडित मुलीबद्दल खोटी माहिती समाजमाध्यमावर पसरवल्याबद्दल पोलिसांनी एका तरुणीला अटकही केली. संताप खरा होता आणि त्याला वाट शोधताना एका लहान मुलीचे खासगी आयुष्य हजारो मोबाइलवरून फिरले. जुलै २०२५ मध्ये शहापुरातल्या एका खासगी शाळेत तर मोठ्यांनीच मर्यादा ओलांडली. स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींना सभागृहात जमवून त्या डागांचे फोटो प्रोजेक्टरवर दाखवण्यात आले, कोणाला पाळी आली आहे हे विचारण्यात आले आणि मुलींची तपासणी केली गेली. पालक संतापले, गुन्हा दाखल झाला, मुख्याध्यापिकेला अटक झाली. त्या खोलीतला प्रोजेक्टर शिकवण्यासाठीच बसवलेला होता.

अशा घटनेनंतर गावागावांतल्या शाळांच्या ग्रुपवर काय होते, ते सगळ्यांना ठाऊक आहे. ‘हीच ती शाळा’, ‘हीच ती मुलगी’ अशा खुणा फिरू लागतात. बाल न्याय अधिनियमाचे कलम ७४ मुलाची ओळख उघड करायला बंदी करते आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. पोक्सो कायद्यातही तशी बंदी आहे. हे वाक्य प्रत्येक शाळेच्या ग्रुपच्या माहितीत, जिथे आज ‘शुभ सकाळ टाकू नये’ असे लिहिलेले असते, तिथे लिहायला काहीच हरकत नाही.

आणि मुले? ती काही बाहेर उभी नाहीत. ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीचा २०२४ चा ग्रामीण अहवाल सांगतो की देशात १४ ते १६ वयोगटातल्या ८२ टक्क्यांहून अधिक मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येतो. आदल्या आठवड्यात शिक्षणासाठी तो वापरला असे सांगणारी ५७ टक्के होती. समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी एखाद्याला ब्लॉक करणे किंवा त्याची तक्रार करणे ६२ टक्क्यांना येत होते, खाते खासगी करणे जेमतेम ५५ टक्क्यांना. म्हणजे जवळपास निम्मी मुले दार उघडे टाकून बसली आहेत. आईच्या नावावरचा मोबाइल रात्री मुलगाच हाताळतो आणि पालकांच्या ग्रुपवरचे भांडण तोच आधी वाचतो, ही गोष्ट तर कोणत्याही अहवालाशिवाय कळते.

शिक्षकांच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. या सगळ्याचा भार त्यांच्यावर टाकणे सोपे आहे, आणि तेच नेहमी होते. ‘तात्काळ’, ‘अति तात्काळ’ अशा शेऱ्यांनी वरून येणाऱ्या माहितीच्या मागण्यांनी त्यांचे स्वतःचे ग्रुप भरलेले असतात. सप्टेंबर २०२४ मध्ये कमी पटाच्या शाळांना झळ पोचवणाऱ्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटानुसार शिक्षकांची पदे ठरवण्याच्या, निर्णयाविरुद्ध शिक्षकांनी काळ्या फिती लावल्या, प्रशासकीय व्हॉट्सॲप ग्रुप सोडले आणि २५ तारखेला सामूहिक रजा घेतली. ग्रुप सोडणे हे आंदोलनाचे हत्यार व्हावे, यावरून या ग्रुपांनी काय रूप घेतले होते ते कळते. डोंगरपट्ट्यातल्या दोन शिक्षकी शाळांना त्या निर्णयाची धास्ती सर्वाधिक. तिथल्या गुरुजींना रात्री अकरापर्यंत पालकांचे भांडण सोडवत बसा, असे कोणी सांगू नये.

म्हणूनच हे काम एकट्या शिक्षकाचे नाही. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीनचतुर्थांश पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात आणि वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा असते. कागदावर तरी असतात. ग्रुपचे नियम या समितीने करावेत, सभेत वाचून दाखवावेत, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी कोणी तरी ते आपल्या बोलीत बोलून आवाजी निरोप म्हणून ठेवावेत. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ पासून आजीबाईंची शाळा भरली. साठी ओलांडलेल्या बायका गुलाबी नऊवारीत दप्तर घेऊन सही करायला शिकल्या. त्या तालुक्यात पालक अडाणी आहेत, त्यांना नियम काय कळणार, असे म्हणायची सोय कोणाला नाही.

मजकूर काढायची पद्धत कशी असावी, याचा एक मराठी नमुना वीस वर्षांहून अधिक काळ सगळ्यांपुढे आहे. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर कोणीही लिहू शकतो, पण प्रत्येक बदलाचा इतिहास उघडा असतो. प्रचालकाने, म्हणजे तिथल्या ॲडमिनने, पान काढले तर कारणासकट नोंद राहते, कोणालाही ती बघता येते आणि निर्णय पटला नाही तर ‘चावडी’ या चर्चेच्या पानावर वाद घालता येतो. तिथेही रुसवेफुगवे आहेत, गटबाजी आहे. पण अधिकार वापरणाऱ्याला कारण द्यावे लागते. शाळेच्या ग्रुपला एवढा पसारा नको. एका साध्या वहीत तारीख, काय काढले, का काढले, कोणी काढले, एवढे लिहिले तरी पुरे. पहिल्यांदा खासगीत समज, दुसऱ्यांदा काही दिवस बाहेर, आणि बाहेर असतानाही परीक्षेची सूचना त्या घरी पोचवायची जबाबदारी शाळेची. काढलेल्याला समितीपुढे येऊन बोलता आले पाहिजे. ॲडमिन दोन असावेत आणि त्यातली एक पालक आई असावी, कारण बाईला रात्री खासगीत येणाऱ्या नको त्या संदेशाची तक्रार ती पुरुष मुख्याध्यापकाकडे करणार नाही. तिचा नंबर ग्रुपवरूनच उचलला गेलेला असतो. ज्यांना नंबर झाकायचा आहे त्यांच्यासाठी व्हॉट्सॲपच्या कम्युनिटीची सोय आहे, ती वापरावी. प्रकरण हाताबाहेर गेले तर १०९८ ही बालकांची आणि १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे, आणि किन्हवली, टोकावड्यापासून शहापूर, मुरबाडपर्यंत ठाणे ग्रामीणची पोलीस ठाणीही आहेत.

वादाचा मजकूर आणि तक्रार यांत फरक करणे हेच यातले सर्वांत अवघड काम राहील. शिक्षक वेळेवर येत नाहीत, असे एखाद्या बापाने तावातावाने लिहिले तर शब्द सुधारायला सांगता येतील, तक्रार पुसता येणार नाही. ती पुसणारा ॲडमिन नियम मोडतो, हेही त्याच नियमांत लिहिलेले असावे.

जून महिन्यात शाळा उघडते, नवे वर्ग होतात, जुने ग्रुप मोडून नवे केले जातात. शहापूर आणि मुरबाडच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांनी त्याआधी वरून छापील नियमावली पाठवू नये. व्यवस्थापन समित्यांना एका सभेचा वेळ द्यावा आणि झालेले नियम मागवून घ्यावेत. पालकांनीही त्या सभेला जावे, आणि शक्यतो आईने जावे.